कायमचा परवाना घ्यावा की ब्ल्यू कार्डवरच राहावं? माझं मत मांडतोय, तुमचं सांगा

उद्यमबाग ते श्टुटगार्ट

मंडळी, महिनाभर घरात एकच वाद चाललाय. मी खानापूर तालुक्यातला. शिक्षण बेळगावात, चार वर्षं उद्यमबागेत एका हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात काढली, तिथून जर्मनीला आलो. श्टुटगार्टच्या बाजूला राहतो, ब्ल्यू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराला मिळणाऱ्या मुदतीच्या परवान्यावर, साडेचार वर्षं झाली. कायमच्या परवान्याला जे लागतं ते सगळं जमलंय. ब्ल्यू कार्डवाल्याला बी१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी अर्ज करता येतो, नुसतं ए१ असेल तर २७ महिन्यांनी. तेवढे महिने पेन्शनचा भरणा झालेला लागतो, तो झालाय. इथल्या कायद्याची आणि समाजाची माहिती विचारणारी ३३ प्रश्नांची परीक्षा असते, १५ बरोबर आले की पुरतात. तीही झाली. अर्ज भरून टेबलावर पडलाय. सही तेवढी राहिलीय, कारण बाबांनी फोनवर विचारलं, "कायमचा म्हणजे? परत यायचं नाही असं लिहून द्यायचं काय?"

माझं मत स्पष्ट आहे. परवाना घ्यावा, पासपोर्ट भारताचाच ठेवावा, आणि यात उशीर करू नये.

माझ्या कार्डासोबत एक हिरवा कागद आहे. त्यावर माझ्या कंपनीचं नाव छापलंय. गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागातली माणसं कमी करणार अशी बोलणी सुरू झाली, त्या रात्री मी फाइलीतून तो कागद काढून स्वयंपाकघरात वाचत बसलो होतो. बायको मागून आली आणि एवढंच म्हणाली, "गेली तर किती महिने मिळतात?" मुलगी दोन वर्षांची, आत झोपलेली. नोकरी टिकली. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, हे मी विसरलेलो नाही. कायमच्या परवान्यावर कंपनीचं नाव नसतं, तारीख नसते. कार्ड बदलावं लागतं, हक्क बदलत नाही.

आणखी एक, हे जरा घरचं आहे. १९५६ मध्ये आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा आजोबा तिशीत होते. आज ना उद्या महाराष्ट्रात जाणार, तेव्हा सगळे कागद मराठीत करून घेऊ, असं म्हणत त्यांनी पणजोबांच्या जमिनीची वारसा नोंद तशीच ठेवली. ते वारले तेव्हा उताऱ्यावर पणजोबांचंच नाव. बाबांना कन्नड वाचता येत नाही. तलाठ्याकडे, नाडकचेरीत (कर्नाटकातली महसुलाची कचेरी), कधी तालुक्याला, सहा वर्षं चपला झिजवल्या त्यांनी. हे सगळं थोडे दिवसांचंच आहे असं समजून राहिलं की काय होतं, ते मी घरात बघितलंय.

तिसरं गेट, टिळकवाडी

बाळ, तुझी कळकळ समजली, पण मी विरुद्ध मताचा आहे. माझा मुलगा कॅनडात, पीआर (तिथला कायमचा परवाना) होऊन सात वर्षं झाली. कायमचं म्हणतात, पण पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिल्याचा हिशोब द्यावा लागतो. माझ्या बायपासच्या वेळी तो आला. सुरुवातीला भावासोबतच्या भांडणामुळे नोकरी सोडून इकडेच बराच काळ राहिला होता, त्यामुळे दिवस आधीच कमी पडत होते. दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी बसून तो मोबाइलमध्ये दिवस मोजायचा. मी डोळे मिटून पडलेला, पण मला दिसत होतं. शेवटी टाके काढायच्या आत गेला.

त्याचा दोष नाही. पण दावं लांब केलं म्हणजे जनावर सुटलं असं होत नाही. तात्पुरत्या परवान्यावरचा माणूस निदान मनाने अर्धा इथे असतो. एकदा कायमचं झालं की आधी घर घेतो, मग कर्ज, मग मुलांची शाळा. तुझ्या बाबांनी जे विचारलं ते अडाण्याचं विचारणं नव्हे. त्यांना पुढची वीस वर्षं दिसलीत.

दम्मामचा दड्डीकर

काका, माफ करा, पण दावं काय असतं ते आम्हाला विचारा. मी सौदीत १४ वर्षं आहे. दरवेळी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफीलच्या (मालकाच्या) हातात. साधी नोकरी करणाऱ्याला इथे कायमचं काही मिळत नाही. २०१९ पासून प्रीमियम निवास आलाय, त्यातला कायमचा घ्यायचा तर एकरकमी ८ लाख रियाल. वेल्डर माणूस कुठून आणणार? साठी आली की ट्रंक भरून दड्डीला परत, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यामुळे बायकामुलांना आणलंच नाही. पोरगी दहावी झाली, तिच्यासोबत सगळे मिळून दोन वर्षंसुद्धा राहिलो नसेन.

मनाने अर्धा इथे असतो म्हणालात ते खरं आहे. मी मनाने पूर्णच दड्डीत आहे, आणि त्याने कोणाचं भलं झालेलं नाही. भावा, ज्या देशात सही करून राहण्याचा हक्क मिळतो तिथे सही कर.

मच्छ्याची, आता म्युनिक

भावनेच्या आधी नियम बघूया, कारण मूळ लेखात एक मोठी गोष्ट राहिलीय. ब्ल्यू कार्डवाला १२ महिन्यांपर्यंत बाहेर राहिला तरी कार्ड जात नाही. जर्मनीचा साधा कायमचा परवाना मात्र ६ महिने सलग देशाबाहेर राहिलात की आपोआप रद्द होतो. हो, कायमच्याला मुदत कमी. बाबांच्या आजारपणात सात महिने खानापुरात राहायची वेळ आली तर?

याला दोन वाटा आहेत. एक, जाण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करून जास्त मुदत मागून घ्यायची. कारण तात्पुरतं असेल तर देतात, पण आधी मागावी लागते, परत आल्यावर नाही. दुसरी वाट जास्त चांगली. पाच वर्षं पूर्ण झाली आणि पेन्शनचे ६० महिने भरले की युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवास परवाना मागता येतो. ब्ल्यू कार्डवरून तिथे गेलेल्या माणसाला संघाबाहेर २४ महिने राहता येतं. तुमची साडेचार वर्षं झालीत. सहा महिने थांबा आणि तो घ्या. ६० महिने भरले की म्हातारपणी पेन्शनवर हक्कही लागतो, तो वेगळाच फायदा. म्हणून मी म्हणते, आज सही नको.

उद्यमबाग ते श्टुटगार्ट

ताई, २४ महिन्यांचं मला माहीत नव्हतं. पण त्या सहा महिन्यांतच नोकरी गेली तर? ज्या रात्रीचं मी लिहिलंय ती परत यायला सहा महिने पुष्कळ झाले. मी आज हा घेईन, आणि पाच वर्षं झाली की तो मागेन.

येळ्ळूरचा सीमावासी

परवाना घ्या की नका घेऊ, तो तुमचा प्रश्न. पण आजोबांचं उदाहरण मला लागलं म्हणून लिहितोय. ते थांबले ही चूक नव्हती, ती भूमिका होती. १९५६ पासून इथल्या माणसाने सत्याग्रह केलेत, तुरुंग भोगलेत, माणसं गमावलीत. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजून उभा आहे. तुम्ही स्वतःच्या पायाने परदेशी गेलात. आम्ही कुठेही गेलो नाही, घरात बसल्या बसल्या आमचं राज्य बदललं. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका.

आणि एक मागणी आहे. पासपोर्ट सोडू नका. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून पाच वर्षांत नागरिकत्व आणि जुना पासपोर्ट ठेवायला मुभा दिली असली, तरी भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं घेतलंत की इकडचं गेलं. मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) मिळेल, पण मत देता येणार नाही. भारतीय पासपोर्टवर असाल तर फॉर्म ६-ए भरून गावच्या मतदार यादीत नाव ठेवता येतं. मतदानाला स्वतः यावं लागतं, पण नाव राहतं. आमच्या भागात एकेका मताला किंमत आहे.

उद्यमबाग ते श्टुटगार्ट

दादा, तुमचं लागणं रास्त आहे. आजोबाही हुतात्मा दिनाला न चुकता बेळगावला जायचे. लढ्याला मी चूक म्हटलेलं नाही. लढा चालू असतानाही वारसा नोंद करता आली असती, एवढंच म्हणतोय. कागद कन्नडमध्ये झाला म्हणून माणूस कन्नडिग होत नव्हता. तसाच मीही कागद जर्मनीचा घेतल्याने जर्मन होत नाही. पासपोर्टबद्दल आपलं एकमत आहे.

कोर्ट आवारातून

वकिली करतो, म्हणून जमिनीबद्दल दोन शब्द. परदेशी पीआर घेतली की शेती जाते, अशी भीती घालणारे खूप भेटतात. चूक आहे. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही परदेशात नोकरीसाठी राहायला लागलात त्याच वेळी अनिवासी झालात. परवाना तात्पुरता की कायमचा, याने तिथे काही बदलत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारशाने येते ती ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

तेव्हा वडिलांनी प्रेमापोटी हयातीत तुमच्या नावे शेतीचं बक्षीसपत्र करू नये. मृत्युपत्र करावं. आणि वारसा नोंदी आजच्या आज पूर्ण कराव्यात. सीमाभागात अर्धी भांडणं न केलेल्या नोंदींची असतात.

वडगावची लेक, फ्रँकफुर्ट

सगळं वाचलं. आजोबांचं आलं, बाबांचं आलं, जमिनीचं आलं. वहिनींचा परवाना कोणाच्या जिवावर आहे ते कोणीच विचारलं नाही.

नवऱ्यासोबत आलेल्या बाईचं इथलं राहणं नवऱ्याच्या परवान्याला बांधलेलं असतं. लग्नाचं नातं इथे तीन वर्षं टिकलं, की ते तुटलं तरी तिला स्वतःचा हक्क मिळू शकतो. त्याआधी काही झालं तर अवघड. मी त्यातून गेलेय, म्हणून सांगते. मारहाण वगैरे काही नव्हती. दोघांचं पटलं नाही, एवढंच. दोन वर्षं चार महिने झाले होते. मी बेळगावात दाताची डॉक्टर होते, इथे माझ्या हातात एक आश्रिताचं कार्ड. पुढचे आठ महिने कसे काढले ते इथे नको. आज माझा स्वतःचा कायमचा परवाना आहे. मिळाला त्या दिवशी दुकानात जाऊन पहिल्यांदा मोठा डायनिंग टेबल घेतला. तोपर्यंत सगळं घडीचं घेत होते.

म्हणून सही करा, मी तुमच्या बाजूची आहे. पण एकट्याची नको. वहिनींना बी१ ला बसवा, त्यांना काम करायचं असेल तर वाट मोकळी करा, त्यांचा वेगळा अर्ज व्हायला हवा.

आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हेही घरात बोला. आईबापातलं एक जण पाच वर्षं कायदेशीर राहिलेलं असेल आणि त्याच्याकडे कायमचा हक्क असेल, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन नागरिक होतं. तुमची थोरली भारतीय आणि धाकटं जर्मन, असं घर होऊ शकतं. ते नको असेल तर आत्ताच माहीत असलेलं बरं.

तिसरं गेट, टिळकवाडी

मुली, तुझं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. तुझ्या बाबतीत माझं म्हणणं लागू नाही, हे कबूल. याच्या बाबतीत मत तेच आहे. दम्मामच्या पाहुण्यांना एवढंच सांगतो, तुम्ही साठीला परत याल तेव्हा तुमची बायको दारात असेल. माझ्या मुलाच्या वेळी दारात कोण असेल, ते मला माहीत नाही.

उद्यमबाग ते श्टुटगार्ट

काका, याला माझ्याकडे उत्तर नाही.

काल रात्री बायकोला वडगावच्या ताईंचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी कधीपासून हेच सांगतेय, तू बाबांशीच बोलत होतास." तिचं बी१ चं नाव आज नोंदवलं. दुसऱ्या मुलाचं बोलणं सुरू झालंय, संपलेलं नाही.

मग बाबांना फोन लावला. परत यायचं नाही असं कुठेही लिहून द्यायचं नसतं, हे तिसऱ्यांदा सांगितलं. सहा महिन्यांचा नियमही सांगितला, लपवला नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओढ्याकडच्या तुकड्यावर अजून आजोबांच्या वडिलांचं नाव आहे, तो एक सर्व्हे नंबर राहिलाय. सोमवारी नाडकचेरीत जातो. तू तिथली सही कर, मी इथली करतो."