'बेचिराख' गावात राख असते का?

प्रश्न : आमच्या शिवेला लागून एक ओसाड टेकाड आहे. जुनी माणसं त्याला 'पांढर' म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरात मात्र तिथे एका मौज्याचं नाव आणि पुढे 'बेचिराख'. ते गाव जळालं होतं का?

उत्तर : या शब्दाचा राखेशी संबंध नाही. मूळ शब्द फारसी, 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला कुणी उरलं नाही, ते बेचिराग. पुढे कानाला 'राख' ऐकू येऊ लागली आणि अर्थही जळक्याकडे सरकला. दप्तरात मात्र जुनाच अर्थ आहे : वस्ती उठली, पण शिवार कायम, जमीन शेजारच्या गावचे लोक कसतात. 'उठली' हेही आपलंच क्रियापद. गाव बसतं, तसं उठतं. दुष्काळाने, रोगराईने, लुटालुटीने. खानदेशात १८०३-०४च्या दुष्काळात कितीतरी गावं अशी उठली.

'पांढर' मला त्याहून मोलाचा वाटतो. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीची घरं पडतात, पुन्हा त्याच जागी उभी राहतात. चुलीची राख, शेण, चुना शतकानुशतकं मुरतो आणि काळ्या रानात तेवढाच भाग करडा-पांढरा होऊन उंचावतो. गिरणाकाठच्या अशा एका पांढरीवर पहिल्या पावसानंतर मी गेलो होतो. घळीत खापरं उघडी पडली होती, काचेच्या बांगडीचा निळा तुकडा होता आणि जात्याची अर्धी तळी. प्रकाशे येथे तापीकाठच्या अशाच टेकाडात १९५४-५५ साली उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंतचे थर एकावर एक मिळाले.

ही माती लोकांनी गाड्या भरभरून खत म्हणून नेली, धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छपरांवरही पसरली. त्यात अनेक पांढरी अर्ध्या झाल्या, याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : मग 'शहर बेचिराख केलं' हे चूक?

उत्तर : नाही, तो अर्थ आता रुळला आहे, लिहायला हरकत नाही. फक्त जुनं दप्तर वाचताना तो लावू नका. तुमच्या टेकाडात जळका थर निघाला, तर जळाल्याचा पुरावा तो थर, हा शब्द नव्हे. त्या मौज्याचं नाव काय लिहिलंय, ते इथे जरूर कळवा.