टायरच्या हवेचा खोटा (?) दिवा: तुमचे अनुभव सांगा

तीन आठवडे डोक्याला ताप झालाय म्हणून धागा काढतोय. राहणार पुणे, गाडी दोन वर्षांची. डिसेंबर लागल्यापासून रोज सकाळी साडेसहाला मुलीला क्लासला सोडायला निघालो की डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा, घोड्याचा नाल आणि मधे उद्गारचिन्ह. आमच्याकडे त्याचं नाव कढई, "बाबा कढई पेटली". अकरापर्यंत ऑफिसच्या पार्किंगमधे गाडी उन्हात तापली की संध्याकाळी निघताना काही नाही, एकदम शहाण्यासारखी. माझ्या गाडीत चाकाचाकाचे आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा.

शेवटी एकदा दुपारी पंपावर गेलो, हवावाला पोरगा म्हणे साहेब ३७ आहे, जास्त आहे, काढतो, आणि फुस्स फुस्स करत चारही ३२ करून दिली. झालं, दुसऱ्या दिवसापासून कढई दिवसभर पेटलेली. सर्विस सेंटरवाले म्हणतात चारही सेन्सर बदला. एक बिघडला असेल तर चार का विचारलं तर "सर, सेट असतो". तुमच्याकडे असले खोटे इशारे आलेत का, आणि शेवटी निघालं काय ते लिहा.

जुना गॅरेजवाला
अहो, ती ३७ गरम टायरची होती! गाडी चालवून पंपावर गेलात, वर दुपारचं ऊन. कंपनी जो आकडा देते तो थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी किंवा फार तर एखाद-दीड किलोमीटर चाललेली. ढोबळ हिशोब, दर ५-६ अंश सेल्सिअसला १ पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक, तुमचे ३७-३२ त्यातलेच) फरक. तुमची ३७ पहाटे ३२-३३ झालीच असती, म्हणजे बरोबर होती. तुम्ही गरम असताना ३२ केलीत म्हणजे पहाटे २७. आता दिवा दिवसभर लागतोय तो खोटा नाही, तुम्हीच लावलाय तो :)
पण मग हवा काढायच्या आधी सकाळी का लागत होता? ते काही मला लागत नाहीये. कुठल्या प्रकारची सिस्टीम आहे ते मॅन्युअलमधे बघून सांगा.

गोदाकाठ
आमच्या गाडीत सेन्सरच नाहीत टायरमधे. एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जे चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतात त्यावरूनच ती ओळखते, हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, एवढंच गणित. मी पुढचे दोन टायर नवे टाकले, नाशिकहून निघालो, सिन्नर यायच्या आत दिवा. परत फिरून हवा बघितली तर चोख. नवा टायर जुन्यापेक्षा मोठा ना, रबर जास्त, मग गाडीला वाटलं मागचे बसलेत. मेनूत जाऊन रीसेट मारलं, थोडं अंतर चालवली, विषय संपला. रोटेशन (टायरची पुढे-मागे अदलाबदल) केलं, अगदी हवा भरली तरी रीसेट मारायचं असतं हे गाडी देताना कुणी सांगत नाही.
आमच्या मेव्हण्यांनी याच्या उलट केलं. दिवा लागला की हवा न भरता नुसतं रीसेट. गाडी बिचारी २४ लाच बरोबर समजून बसली. दिवा परत कशाला लागतोय! सहा महिन्यांनी टायरच्या दोन्ही कडा टक्कल पडल्यासारख्या आणि मधली नक्षी नवीकोरी.

मिनेसोटाकर
आमच्याकडे नोव्हेंबरातली पहिली थंडीची लाट आली की सगळ्या पार्किंग लॉटमधे दिवाळी असते. सप्टेंबरात २५ अंशाला भरलेली हवा, आता उणे १५, म्हणजे सरळ ७ पीएसआय गायब, आणि पंक्चर कुठेच नाही. इथे अमेरिकेत २००० साली फायरस्टोनच्या टायर प्रकरणानंतर (टायर फाटून अपघात झाले होते) कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना हा हवेचा दिवा सक्तीचा आहे. पण त्यात दिवा लागायची हद्द आहे २५ टक्के कमी, म्हणजे ३५ ची शिफारस असेल तर २६ पर्यंत गाडी ब्र काढणार नाही. दिवा नाही म्हणजे हवा ठीक असं धरून चालू नका.
अजून एक, गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर तो हवेचा नाही, सिस्टीम बिघडल्याचा. माझी हिवाळी टायरची रिम वेगळी आहे, त्यात सेन्सर नाहीत, त्यामुळे दर हिवाळ्यात रोज मिनिटभर डोळा मारते गाडी. सवय झाली.

वऱ्हाडी ठेचा
थंडीचं पुरे, आमच्या नागपुरात या मे महिन्यात. सगळे शहाणे सांगतात "उनाळ्यात दोन-तीन कमीच ठेवा लागते भाऊ, नाहीतर फुटते". मीपण ठेवायचो. मग टायरच्या दुकानात एका म्हाताऱ्या कारागिरानं फाटलेला टायर हातात दिला न म्हणे आतून बोट फिरवा. आतली बाजू पेन्सिलीच्या भुश्यासारखी, काळी भुकटी बोटाला. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेऱ्याला दबते, दबली की तापते, आणि समृद्धीवर १२० नं तीन तास सलग चालवली का आतून भाजून निघते. जास्त हवेनं नाही, कमी हवेनं फुटते हो. टायरवर जो कमाल आकडा छापला असते तोही भरायचा नसतो, भरायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा. माझा मित्र तीन वर्षं ४४ घालून फिरत होता, कंबर गेली त्याची.

प्रवासी पक्षी
नायट्रोजन भरा सगळे प्रश्न सुटतील.

गोदाकाठ
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो साहेब, उरलेल्यासाठी पैसे देताय. थंडीत तोही तेवढाच आकसतो. कोरडा असतो, हळू निघतो, हे मान्य.

पंचगंगा
माझी गाडी जुनी, म्हणून ऑनलाइन ते वॉल्व्हवर टोपीसारखे फिरवायचे सेन्सर घेतले, सोलर डिस्प्लेवाले. पहिला आठवडा भारी वाटलं. मग मागचं डावं रोज एक-दीड कमी दाखवायला लागलं. मी म्हटलं सेन्सर चुकीचा, स्वस्तातला माल. कोल्हापुरात आमच्या पंक्चरवाल्या मामाकडं गेलो, त्यानं सेन्सर तसाच ठेवून बोटानं थुंकी लावली वॉल्व्हवर. दोन-तीन सेकंद काही नाही. मग एक बारीक बुडबुडा, मोहरीएवढा, फुगला आणि फुटला, परत दुसरा. "खोटं कुठं सांगतोय, ह्योच सोडतोय आणि ह्योच ओरडतोय." सेन्सरच्या आतलं रबरी वॉशर तिरकं बसलेलं, आणि सेन्सर आत वॉल्व्हची पिन दाबून ठेवतो ना, त्यामुळे हवा तिथूनच. वॉशर सरळ केलं, पैसे पण घेतले नाहीत मामानं.

चाकरमानी
माझा अनुभव जरा महागातला. गणपतीला गावी निघालो, पनवेल सोडल्यावर दिवा. पावसात रात्रभर उभी गाडी, महिन्यातून दोनदा असा लागतोच म्हणून बायकोला म्हटलं खोटा आहे, जाऊ दे. तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं खोटा आहे. माणगावच्या पुढे मागून फटफट आवाज, उतरून बघतो तर टायरची भिंत चिंध्या. वॉल्व्हजवळ हात लावला तर चटका. दोन इंची स्क्रू निघाला, वरची नक्षी नीट, म्हणजे आधी साधं पंक्चर होतं, मी तसाच पळवत राहिलो. गाडीला स्टेपनी नाही, २०२० च्या नियमानंतर टीपीएमएस (हीच टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी सिस्टीम) आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देता गाडी विकता येते, ती त्यातली. किटमधलं पांढरं द्रव भरलं, भिंतीतून सगळं रस्त्यावर. चार तास, मोदकाचं सारण मांडीवर, आणि बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. स्वतःचं गेज आणलं. पंपाच्या मशीनपेक्षा ३ कमी दाखवतंय, आता दोघांत खोटारडं कोण हे बघायला मित्राचं गेज आणलं, ते माझ्या बाजूने. काल सकाळी सहाला पार्किंगमधे टॉर्च घेऊन बसलो (वॉचमन शंकेनं बघत होता), चारही टायर २५ ते २७, मग छोट्या इलेक्ट्रिक पंपाने स्टिकरप्रमाणे ३३ केली. आनंदाने गाडी सुरू केली. कढई पेटलेलीच.

जुना गॅरेजवाला
मॅन्युअल बघितलंत का? सेन्सर किती आहेत?

धागाकर्ता
बघितलं. हसू नका. पाच. स्टेपनीतही आहे! डिकीतलं सामान, सासूबाईंची चटई, सतरंजी, दोन छत्र्या, सगळं उपसून खालचं झाकण उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. स्टेपनी २४. उन्हात डिकी तापली की हद्दीच्या वर, पहाटे खाली, म्हणून तो सकाळ-संध्याकाळचा खेळ. ३३ केली, जरा चालवली, सोसायटीच्या गेटपर्यंत जायच्या आत दिवा गेला. मुलगी नाराज आहे. तिला कढई आवडायची.