मैफिलीचा पियानोवादक नेमका कसा जगतो?

सहकारनगरची आई :
माझी मुलगी सोळा वर्षांची असून नऊ वर्षे पियानो शिकत आहे. यंदा तिची ट्रिनिटी कॉलेज लंडनची आठवी ग्रेड झाली आणि आता अकरावी विज्ञान सोडून फक्त पियानोच वाजवायचा, असे ती म्हणते. सासऱ्यांमुळे आमच्या घरात सवाई गंधर्व महोत्सव कधी चुकला नाही, त्यामुळे गायक किंवा तबलजी कसा घडतो याची थोडीफार कल्पना आम्हाला आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या पियानोवादकाचे आयुष्य मात्र आम्हाला पूर्ण अपरिचित आहे. तिला अडवायचे नाही, पण निर्णय डोळसपणे व्हावा एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पियानो शिक्षक, कॅम्प :
ताई, आधी आठव्या ग्रेडविषयी लिहितो. त्या परीक्षेत मोजक्या रचना वाजवायच्या असतात. एकल मैफिलीत सुमारे दीड तासाचे संगीत, तेही बहुधा समोर कागद न ठेवता, सादर करावे लागते. हे अंतर कापायला चांगल्या विद्यार्थ्यालाही बरीच वर्षे लागतात, आणि त्यासाठी बहुतेकांना परदेशातील संगीत महाविद्यालयाची वाट धरावी लागते, जिथे प्रवेश गुणपत्रिकेवर नव्हे तर प्रत्यक्ष वादन ऐकून दिला जातो. पुढे स्पर्धा येतात. पोलंडमधील वॉर्साची, फक्त पियानोवादकांसाठी असलेली शोपँ स्पर्धा पाच वर्षांतून एकदा भरते आणि तिला वयाची अट आहे, त्यामुळे ती फार वेळा देता येत नाही. ती जिंकली तरी सगळे सुखाचेच होते असे नाही. 1965 मध्ये अर्जेंटिनाच्या पियानोवादक मार्ता आर्गेरिच ती जिंकल्या, जगभर गाजल्या, आणि तरीही पुढे त्यांनी मंचावर एकटीने वाजवणे जवळजवळ सोडून सहवादकांच्या सोबतीने वाजवणे पसंत केले.

आपल्याकडच्या कलाकारापेक्षा एक गोष्ट फार वेगळी आहे आणि ती तिला आताच समजायला हवी. तबलजी आपली जोडी, सतारिया आपली सतार घेऊन येतो. सुमारे पाचशे किलोंचा नऊ फुटी ग्रँड पियानो सहसा कोणी बरोबर नेत नाही. त्यामुळे प्रत्येक गावी सभागृहाचा पियानो वेगळा असतो, एखाद्याच्या पट्ट्या जड, एखाद्याचा खर्ज घुमणारा, आणि त्याची ओळख करून घ्यायला संध्याकाळपूर्वीचे एक-दोन तास मिळतात. घरचा पियानोसुद्धा एकसारखा राहत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात आतली लाकडी फळी हवेतला ओलावा शोषून फुगते आणि सूर चढतात. उन्हाळ्यात ते उतरतात. शिवाय आपला गायक त्या दिवशी मनात आलेला राग मांडू शकतो. पियानोवादकाचा कार्यक्रम कित्येकदा वर्ष-दोन वर्षे आधी ठरलेला असतो, आणि त्या दिवशी मन कसेही असले तरी तोच वाजवावा लागतो.

केवळ मैफिलींवर जगणारे वादक जगभरात थोडेच आहेत. बाकीचे शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवादकांना साथ करतात, चार-पाच वादकांच्या गटात वाजवतात. मी या दुसऱ्या गटातला आहे, आणि माझे आयुष्य मला भरलेले वाटते.

जुना श्रोता :
शिक्षकांच्या म्हणण्याला दोन चरित्रांची जोड देतो. जर्मन पियानोवादक क्लारा शुमान (1819–1896) नवव्या वर्षी लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात मंचावर आल्या आणि 1891 पर्यंत जाहीरपणे वाजवत राहिल्या. 1856 मध्ये पती, संगीतकार रॉबर्ट शुमान गेल्यावर मुलांचा संसार त्यांनी मैफिलींच्या बिदागीवर ओढला, आणि त्यासाठी वर्षातले कित्येक महिने मुलांपासून दूर काढले. त्यांच्या कीर्तीविषयी वाचताना हे दूर राहणेही वाचावे, असे मला कळकळीने वाटते.

दुसरे अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर. 1952 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि 1960 च्या दशकाच्या मध्यास, ऐन बहरात, उजव्या हाताची बोटे आपोआप वळू लागल्याने दोन्ही हातांनी वाजवणे थांबले. त्यांनी डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विटगेनश्टाइन यांच्यासाठी फ्रेंच संगीतकार राव्हेल यांनी लिहिलेला कॉन्चर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, त्यांतलाच. जोडीला त्यांनी शिकवले, वाद्यवृंद चालवला, आणि तीसेक वर्षांनी उपचारांनंतर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. मुलीला आतापासून सांगा की मनगट दुखू लागले तर रियाज थांबवायचा. दुखणे सोसून वाजवणे हे शौर्य नव्हे.

सहकारनगरची आई :
आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. हे सारे मी तिला वाचून दाखवले. फ्लायशर यांच्याविषयी ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग तिने विचारले, "त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांना वाईट वाटले असेल का?" मला उत्तर देता आले नाही. शाळा सोडण्याआधी तिची पारख व्हावी म्हणून काय करता येईल?

पियानो शिक्षक, कॅम्प :
बारावी पूर्ण होऊ द्या, रोजचा रियाज मात्र चुकू देऊ नका. त्या दोन वर्षांत बाखचा एक प्रील्यूड आणि फ्यूग (जोडीने वाजवायच्या दोन रचना), बीथोव्हेनचा एक संपूर्ण सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) आणि शोपँची एखादी मोठी रचना तिने पाठ करावी, आणि दर तीन महिन्यांनी वीस-पंचवीस माणसांसमोर, दर वेळी वेगळ्या घरच्या पियानोवर, ती मधे न थांबता वाजवावी. चूक झाली तरी पुढे जायचे, ही अट. वादन संपल्यावर तिला टाळ्यांविषयी काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून पियानोशी बसते का, एवढेच पाहा.

सहकारनगरची आई :
माझ्या मैत्रिणीकडे, रास्ता पेठेत, एक जुना उभा पियानो आहे. त्याच्या दोन पट्ट्या अडकतात. येत्या रविवारी पहिली बैठक तिथेच ठरवली आहे.