मदत हवी आहे : कोणाच्याच बाजूने न जाता शेवट कसा करायचा?

रातकिडा_जळगाव : टॅक्सीत ‘मी एकटाच’ वाला पर्याय घेतला, तरी चायनाटाउनच्या देवळात आणून सोडलं. चुकीचं दाबलं गेलं का? लवकर सांगा, दुपारी लाईट जाते.

केळी_वेफर्स : गेम कोणता ते तरी सांग भो.

रातकिडा_जळगाव : व्हॅम्पायरचा. लॉस एंजेलिसवाला.

तापीकाठ : म्हणजे २००४ चा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’. दुसरा भाग सिएटलमध्ये घडतो. क्लॅन कोणता, म्हणजे तुझा व्हॅम्पायर कोणत्या घराण्याचा? चाहत्यांनी केलेला दुरुस्तीचा अनऑफिशियल पॅच टाकलाय?

जुना_गडी_भुसावळ : विअरवुल्फशी, त्या लांडगामाणसाशी, मारामारी करू नको. वेधशाळेचं दार त्याच्यावर बंद कर, चिरडतो.

रातकिडा_जळगाव : काका, ते कधीच झालं. मी पुढे आहे. क्लॅनचा काय संबंध?

तापीकाठ : बरोबरच दाबलंय. एकटा गेलास तरी आधी देवळात चायनाटाउनची म्होरकी मिंग-शाओ, मग टॉवरवर प्रिन्स लॅक्रॉयचा अंगरक्षक शेरीफ, दोघांना मारावंच लागतं. देवळात न जाता थेट टॉवर हवा तर मिंग-शाओच्याच बाजूने जायचं. पण ती शेवटी तुला, सगळे जिच्या मागे आहेत त्या जुन्या पेटीला बांधून समुद्रात टाकते. एकटाच राहिलास तर पेटीची किल्ली लॅक्रॉयला देऊन टाक आणि चालता हो. स्वतः उघडलीस तर संपलास.

केळी_वेफर्स : एवढं फोडायची काय गरज होती? आणि एकटा काय, अनार्कांचाच, म्हणजे प्रिन्सविरुद्धच्या बंडखोरांचाच रस्ता आहे तो, फक्त पाठीशी कोणी नसतं. त्यापेक्षा अनार्क घे.

तापीकाठ : धाग्याचं शीर्षक वाचलंस का? कोणाचीच बाजू नको म्हणतोय तो.

रातकिडा_जळगाव : अहो, पण मी मिंग-शाओकडेच मरतोय. सगळे पॉइंट बोलण्यात टाकलेत.

केळी_वेफर्स : हे आत्ता सांगतोस! हा गेम बोलबच्चनला शेवटपर्यंत डोक्यावर घेतो आणि शेवटी नुसती हाणामारी करायला लावतो. इथेच खरा माती खातो.

तापीकाठ : शिल्लक एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) असेल तर बंदुकीत टाक. ब्लड पॅक, रक्ताच्या पिशव्या, किती उरल्यात? फ्लेमथ्रोअर आहे? आग व्हॅम्पायरला जास्त लागते, शेरीफसाठी राखून ठेव.

जुना_गडी_भुसावळ : तो टॅक्सीवाला म्हणजे खुद्द केन, पहिला व्हॅम्पायर, माहितीये ना? गेमच्या फाइलींत त्याचं नावच तसं आहे.

केळी_वेफर्स : काका, याला पॅक हवेत, पुराण नको.

रातकिडा_जळगाव : पॅक दोनच. आणि लॅपटॉप तापून बंद पडला आत्ता. बाहेर ऊन बघा.

जुना_गडी_भुसावळ : कूलिंग पॅड घे. माझा टेबलफॅनसमोर ठेवतो मी, मस्त चालतो.

तापीकाठ : रातकिडा, क्लॅन अजून सांगितला नाहीस.