छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडावं की टाकीत साठवावं? (लातूर भाग)

औसेकर७: घर औसा तालुक्यात. आरसीसी स्लॅब १२०० चौरस फूट, घरात ५ माणसं. साडेसहा इंची, २५० फुटी बोअर फेब्रुवारीतच आटतो. प्लंबरचं म्हणणं, स्लॅबचे पाइप सरळ केसिंगमध्ये (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपात) सोडा, काम स्वस्तात होतं. शौचखड्डा बोअरपासून ३० फुटांवर आहे. परसात एक जुना आडही आहे, सध्या कोरडा. काय करावं?

काळापाषाण: सरळ केसिंगमध्ये अजिबात नको. स्लॅबवरची माती, कबुतरांची घाण, पालापाचोळा त्यातून थेट खडकाच्या भेगांत जातो. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) पाणी असतं ते या भेगांत, सांध्यांत आणि मांजऱ्या (बारीक भोकांच्या) खडकाच्या थरात. अखंड काळ्या पाषाणात थेंब मुरत नाही. भेगा गाळाने एकदा बुजल्या की कंप्रेसरने बोअर फ्लश करूनही पूर्ण मोकळ्या होत नाहीत, म्हणजे आहे तेही पाणी जातं.

बोअर पाणी घेतो का, हे आधी तपासा. मे महिन्यात पाच हजार लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर पाइपने हळूहळू सोडा. साडेसहा इंची रिकाम्या बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर मावतात. २५० फुटांत झाले १६०० लिटर. उरलेलं सगळं खडकाने घ्यायला हवं. दोन हजार लिटर जायच्या आतच पाणी केसिंगच्या तोंडाशी येऊन थांबलं, तर पुनर्भरणावर (बोअरमध्ये पाणी मुरवण्यावर) पैसे घालू नका.

घेतलं तरी शौचखड्ड्याचं काय? केसिंग कठीण खडक लागेपर्यंतच असते, बहुतेक ठिकाणी २०-४० फूट. केसिंगभोवती खड्डा घेऊन तिला भोकं पाडायची नेहमीची पद्धत ३० फुटांवर शौचखड्डा असताना धोक्याची आहे. वरच्या मुरमातून झिरपणारं मैलापाणी त्याच भोकांतून आत येईल. किमान ५० फूट अंतर हवं.

आणखी एक. मुरवलेलं पाणी तुमच्याच बोअरखाली थांबेल असं नाही. ते भेगेच्या उताराने जातं. शेजारच्या शेताला फायदा होईल, गावाचंही भलंच, पण तुमचा मार्च त्याने सुटेलच असं नाही.

पन्हळ: सहमत. आधी टाकी, तिचा ओव्हरफ्लो आडात.

हिशोब बघा. १२०० चौरस फूट म्हणजे १११ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वर्षाला ७५० मिमी धरला आणि २० टक्के गळती-बाष्प वजा केलं तरी ६६ हजार लिटर मिळतात. सगळं साठवणं परवडत नाही, गरजही नाही. पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरले तर ५ माणसांना रोज २५. ऑक्टोबर ते मध्य जून, २५० दिवसांचे सव्वासहा हजार लिटर. १० हजार लिटरची टाकी (आतून ८ × साडेसात × ६ फूट) ऐसपैस झाली. धुण्याभांड्याला बोअर-टँकर चालू राहील, पण पिण्याचे जार बंद होतील.

लोक चुकतात ते पहिल्या पावसाचं पाणी वगळण्यात. सुरुवातीचा दीड मिलिमीटर तरी फेकायचा, म्हणजे तुमच्या स्लॅबचे १६५ लिटर. प्लंबर तिथे चार इंची पाइपचा दोन मीटर तुकडा उभा करून देतात. त्यात मावतात जेमतेम १७ लिटर! २०० लिटरचा ड्रम लावा. तो भरला की आतला चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी फिल्टरकडे वळतं. ड्रमच्या तळाला ४-५ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे दोन पावसांच्या मधे तो आपोआप रिकामा होतो. भोक तुंबलं की ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण सरळ टाकीत. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तार घालून बघायचं.

स्लॅबवरून खाली चार इंची पाइप दोन हवेत, एकाने जोराच्या सरीत पाणी तुंबतं. आउटलेटवर घुमटाकार जाळी, सपाट जाळी एका पानाने बंद होते. फिल्टरमध्ये तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी, वर १० मिमी, सगळ्यात वर जाड वाळू. प्रत्येक थर ८-९ इंच, मधे नायलॉन जाळी. खडी धुऊनच टाका. क्रशरची कच वाळूऐवजी घालू नका, तिच्या भुकटीने फिल्टर महिन्यात बसतो. वाळूचा वरचा दोन इंच थर दरवर्षी मे अखेरीस काढून धुवायचा.

औसेकर७: साठवलेलं पाणी मे महिन्यापर्यंत खराब होत नाही का? आणि आडात पाणी वरून सोडलं तर चालेल?

पन्हळ: उजेड आणि डास आत गेले नाहीत तर टिकतं. झाकण घट्ट, हवेच्या पाइपला आणि ओव्हरफ्लोला डासांची जाळी. आत येणारा पाइप तळाजवळ नेऊन तोंड वर वळवा, म्हणजे गाळ ढवळत नाही. उपसा तळापासून अर्धा फूट वरून. सिमेंटची नवी टाकी दोनदा भरून रिकामी करा, नाहीतर पाण्याला चुन्याची चव येते.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम (३३ टक्के क्लोरीनची, ताजी). बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून बघायची), ०.२ पीपीएम म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम यायला हवं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते, मग प्रमाण बरोबर असूनही टेस्टला रंगच येत नाही.

काळापाषाण: आडात वरून धार सोडली की कडेचा मुरूम ढासळतो. पाइप तळापासून दोन फुटांवर न्या, खाली मोठे दगड पसरा. त्याआधी आडातला गाळ उपसा, तळाला बसलेला चिकण थर निघाल्याशिवाय पाणी मुरत नाही. आड आणि शौचखड्डा यांच्यातलं अंतरही मोजून इथे टाका, ५० फुटांच्या आत असेल तर ओव्हरफ्लो बागेतल्या शोषखड्ड्याकडेच वळवावा लागेल.