रांगितोतो बेटावर एक दिवस, आपलं आपण: सासू-सासऱ्यांना आणि मुलाला घेऊन जायचंय

नवी_ऑकलंडकर

नमस्कार. आम्हाला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला येऊन अजून वर्षही झालेलं नाही. डिसेंबरच्या शेवटी सासू-सासरे नाशिकहून येतायत. मिशन बेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की रांगितोतो अगदी समोर दिसतं. ते बघितल्यापासून आमच्या आठ वर्षांच्या मुलाने "त्या ज्वालामुखीवर कधी जायचं" असा धोशा लावलाय. टूरबरोबर जायचं नाही. सकाळी बोटीने जावं, आपल्या वेगाने फिरावं आणि दिवस मावळायच्या आत परत यावं असं मनात आहे.

बाबा ६९ वर्षांचे आहेत, पण रोज सकाळी गंगापूर रोडला चालायला जातात, त्यांची चिंता नाही. आईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या हवं तितकं चालतात, उतार आला की त्रास होतो. शिवाय त्यांनी त्या फाकारी बेटाची बातमी तेव्हा वाचली होती, त्यामुळे "पोराला ज्वालामुखीवर कशाला नेताय?" हे फोनवर सारखं चालू आहे. त्यांना नीट काय सांगू? बेटावर पाणी आणि खायला मिळतं का? त्या लाव्हाच्या गुहांमध्ये मुलाला नेलेलं चालेल का? आणि शेजारचं मोतुतापू बेट त्याच दिवशी उरकेल का?

कृष्णाकाठची

आईंच्या शंकेपासून सुरू करते, कारण ती रास्त आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. फाकारी, म्हणजे व्हाइट आयलंड, हे बे ऑफ प्लेंटीत किनाऱ्यापासून सुमारे ४८ किलोमीटर आत समुद्रात आहे, आणि तो जागता ज्वालामुखी आहे. ९ डिसेंबर २०१९ रोजी तो फुटला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यांतली २२ दगावली. तेव्हापासून तिथे पर्यटकांना उतरवत नाहीत.

ऑकलंडचं प्रकरण वेगळं आहे. हे अख्खं शहर पन्नासेक लहान ज्वालामुखींच्या अंगाखांद्यावर वसलंय. माउंट ईडन, वन ट्री हिल, माउंट रॉस्किल हे सगळे त्यातलेच, आणि त्यांच्यावर आपण रविवारी पोरांना घेऊन पतंग उडवायला जातो. या पट्ट्यातला एकेक ज्वालामुखी सहसा एकदाच जागा होतो आणि कायमचा निवतो. पुढेमागे उद्रेक झालाच तर तो बहुधा नव्या जागी होईल, आणि त्यावर नजर ठेवायला जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रं बसवलेली आहेत. रांगितोतोवर धूर नाही, वाफ नाही, गंधकाचा वास नाही. तुम्ही निवलेल्या दगडावर चालणार आहात.

मात्र हा दगड फार तरुण आहे, आणि दिवसाचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर ठरतं. मी साताऱ्याला भूगोल शिकवायचे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. बाबांना तर हे नक्की आवडेल. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी ज्या काळ्या कातळाचे, त्याच जातीचा हा कातळ, बसाल्ट. सह्याद्रीतला साडेसहा कोटी वर्षांचा, इथला सुमारे सहाशे वर्षांचा. म्हणजे आपल्याकडे विजयनगर भरात होतं त्या सुमाराला हे बेट समुद्रातून वर आलं, आणि शेजारच्या मोतुतापूवर तेव्हा माओरी, म्हणजे इथली मूळ माणसं, राहत होती. तिथल्या राखेच्या थरात माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडलेत. उद्रेक माणसांनी पाहिला, आणि राख पडत असताना ती त्या जमिनीवर वावरली. ठशांचं हे मी मुलांना सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

सहाशे वर्षांत कातळाची माती होत नाही. रांगितोतोवर आपण जिला माती म्हणू ती जवळजवळ नाहीच, त्यामुळे ओढा नाही, झरा नाही, तळं नाही. पाऊस भरपूर पडतो, पण पडला की भेगांमधून तळाला जातो. म्हणून पाणी घरूनच न्यायचं, माणशी किमान दोन लिटर, मुलासाठीही. तिथे नळ नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. काळा दगड उन्हाने खालून तापतो आणि डोक्यावर इथलं ऊन, जे हवा गार असली तरी कातडी भाजतं. टोप्या, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हे आई-बाबांना निघायच्या आधीच बजावून ठेवा. "आम्ही नाशिकचं ऊन बघितलंय" असं ते म्हणतील, तरी ऐकू नका.

आणि आता सगळ्यांत सुंदर भाग. माती नसताना तिथे जंगल आहे! पोहुतुकावा या इथल्या झाडाचं बी थेट कातळाच्या भेगेत रुजतं. झाड वाढलं की त्याच्या सावलीत पाचोळा साठतो, पाचोळ्याचा ओलावा धरून नेचे येतात, मग दुसरी झुडपं. उघड्या लाव्हात झाडीची अशी लहान लहान बेटं वाढत वाढत एकमेकांना भिडली आणि पोहुतुकावाचं जगातलं सगळ्यांत मोठं रान तयार झालं. शिखराच्या वाटेवर हे टप्पे एकामागोमाग एक बघायला मिळतात: नुसता काळा दगड, त्यावर शेवाळ आणि दगडफूल, मग एकटंदुकटं झाड, मग गर्द सावली. पुस्तकातलं चित्र पायाखाली असतं. तुम्ही डिसेंबरच्या शेवटी जाताय, म्हणजे पोहुतुकावा लालभडक फुललेला असेल. मुलाला किडनी फर्न शोधायला लावा. गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं पातळ पान असतं. कोरड पडली की मिटतं आणि पाऊस झाला की पुन्हा उघडतं.

आता वाट. शहराच्या धक्क्यावरून बोट साधारण २५ मिनिटांत पोचवते. सकाळची पहिलीच धरा. धक्क्यापासून शिखराची वाट २.४ किलोमीटर, चढ सौम्य, सावकाश चालणाऱ्याला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. शेवटी लाकडी पायऱ्या आहेत आणि दम तिथेच लागतो. उंची २५९ मीटर. वर विवराच्या कडेने फिरणारी छोटी वाट आहे. विवर साठेक मीटर खोल, आणि आत आता झाडी माजली आहे. मुलाला लालभडक लाव्हा बघायचा असेल तर त्याला आधीच समजावून ठेवा, नाहीतर वर पोचून चेहरा पडायचा. दुसऱ्या महायुद्धातली काँक्रीटची टेहळणी चौकीही वरच आहे. तिच्या जवळून वाइतेमाता बंदर, स्काय टॉवर आणि हौराकीच्या आखातातली बेटं सगळी एका नजरेत येतात.

गुहांची वाट शिखराच्या जरा आधी फुटते, पाटी आहे, पंधरा मिनिटांचं अंतर. लाव्हाचा ओघ वरून निवून कडक झाला, आतला पातळ लाव्हा पुढे वाहून गेला आणि मागे पोकळ बोगदा राहिला. मुलाला जरूर न्या, पण प्रत्येकाच्या हातात वेगळी विजेरी हवी. मोबाइलच्या दिव्यावर जाऊ नका, कारण छत खाली येतं तिथे दोन्ही हात टेकावे लागतात. आईंनी आत जाऊ नये.

उत्तर_किनारा

वरच्या ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी गुडघ्यांपुरतं लिहितो, कारण माझे स्वतःचे गुडघे तसेच आहेत आणि तरी मी रांगितोतोला जातो.

चढताना काही होत नाही. उतरताना पायाखाली सुटे खडे घरंगळतात, आणि लाव्हाचे खडे धारदार असतात. चपला-सँडल अजिबात नकोत, जाड तळव्याचे बूट हवेत. आईंना वर जायचंच असेल तर दोन काठ्या न्या आणि उतरताना गाडीरस्त्याने या. तो रुंद आहे, उतार कमी आहे, पण अंतर बरंच जास्त आणि सावली कमी. तेवढा वेळ हाताशी असेल तरच.

नाहीतर आईंसाठी खालीच उत्तम दिवस आहे. धक्क्याजवळ सपाटीवरून किनाऱ्याने जाणारी वाट आहे, तिच्या कडेने जुनी 'बाख' घरं लागतात. १९२०-३०च्या दशकांत ऑकलंडच्या साध्या कामकरी लोकांनी बोटीतून लाकूड-पत्रे आणून सुट्टीसाठी स्वतःच्या हाताने बांधलेली. शंभराहून जास्त होती. १९३७ मध्ये नवी बांधायला बंदी आली, नंतर बरीचशी पाडली गेली. जी उरली ती आता वारसा म्हणून जपतात, त्यातल्या एका घराचं छोटं संग्रहालय केलंय. मी तिथे रेंगाळतो. कुणीतरी दगड वेचून वेचून अंगणाची भिंत रचलेली असते, शिंपले लावलेले असतात. आणि ज्या रस्त्यावरून आपण आरामात चालतो तो १९२५ ते १९३६ या काळात कैद्यांकडून हाताने फोडून घेतलेला आहे. तापलेल्या लाव्हावर हातोडा चालवणं काय असेल याचा विचार त्या रस्त्यावर उभं राहून करावा.

दोरखंड

मोतुतापू त्याच दिवशी होतं! दोन्ही बेटं महायुद्धाच्या काळात लष्कराने बांधलेल्या छोट्या पुलाने जोडलेली आहेत. पहिल्या बोटीने उतरून झपाझप शिखर करायचं, पलीकडच्या बाजूने इस्लिंग्टन बेला उतरायचं, पूल ओलांडून मोतुतापूच्या हिरव्या टेकडीवर डबा खायचा आणि परत. नशीब असेल तर ताकाहे दिसतो, निळा-हिरवा, लाल चोचीचा, न उडणारा पक्षी. एकदा संपला असं धरून चालले होते, तो १९४८ साली पुन्हा सापडला. त्यासाठी एवढी पायपीट मी कधीही करेन.

कृष्णाकाठची

दोरखंड, तुमच्या पायांना होईल. आठ वर्षांचं मूल, ६९ वर्षांचे आजोबा आणि दुखऱ्या गुडघ्यांची आजी घेऊन ही वाट एका दिवसात करू नये असं माझं ठाम मत आहे. परतीची शेवटची बोट दुपारीच निघते, संध्याकाळी नाही. आणि ती चुकली तर रात्री थांबायला तिथे काही सोय नाही, स्वतःच्या खर्चाने पाण्यातली टॅक्सी बोलवावी लागते. घाईत चालताना पाय मुरगळतो तो याच वाटेवर. मोतुतापूला वेगळा दिवस द्या. ते कोट्यवधी वर्षं जुन्या खडकाचं बेट आहे, माती आहे, गवत आहे. दोन बेटं एकमेकांना चिकटून आणि एवढी वेगळी, हे शिखरावरून नुसतं पूर्वेला बघितलं तरी मुलाला कळेल.

नवी_ऑकलंडकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना ब्रह्मगिरीचं सांगितलं, तर ते आत्तापासून हातोडी आणू का विचारतायत. आईंनी खाली बाख घरांपाशी माझ्याबरोबर थांबायचं ठरवलंय, वर बाबा, माझा नवरा आणि मुलगा जातील. दोन गोष्टी राहिल्या. आई दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर करणार आहेत, ते न्यायला काही नियम? आणि दगडाचा छोटा तुकडा घरी आणलेला चालतो का?

कृष्णाकाठची

दगड आणायचा नाही, एक खडाही नाही, आणि बाबांची हातोडी नाशिकलाच राहू द्या. हातात घेऊन बघावा, बोटांनी त्यातली भोकं चाचपावीत. लाव्हातला वायू बुडबुड्यांनी निघून गेला त्याची ती खूण. मग आहे तिथे ठेवावा.

डबा खुशाल न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यातच, आणि सगळ्या पिशव्या चेन लावून बंद होणाऱ्या. उघडी कापडी पिशवी नको. रांगितोतो आणि मोतुतापू २०११ मध्ये उंदीर, मुंगसासारखे दिसणारे स्टोट, मांजरं अशा सगळ्या उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं खपून काम केलंय. पिशवीतून गेलेला एक गाभण उंदीर किंवा डब्याला चिकटलेल्या अर्जेंटाइन मुंग्या ते सगळं मातीत घालू शकतात. आदल्या रात्री सगळ्यांचे बूट ब्रशने घासून तळव्यातली माती आणि बिया काढा, मोज्यांना चिकटलेलं कुसळही. धक्क्यावर बूट घासायची सोय असते, तिथे मुलालाच पुढे करा, मुलांना ते काम आवडतं. आईंना हे कारण सांगितलंत तर त्या सगळ्यांचे बूट स्वतः तपासतील.

कोशिंबीर मात्र नको, उन्हात आंबते. काकड्या अख्ख्या न्या आणि तिथे कापा, सालं परत आणा. बेटावर कचऱ्याचा डबा नाही. वर जाणाऱ्यांचा आणि खाली थांबणाऱ्यांचा डबा वेगळा भरा, पाणीही वेगळं. धक्क्याजवळ स्वच्छतागृह आहे, वर निघायच्या आधी सगळ्यांनी जाऊन या.

तिकीट जातायेताचं दोन्ही आधी काढा. सुट्टीतल्या बोटी भरतात. बोटीवरून उतरल्या उतरल्या परतीची वेळ नवऱ्याच्या मोबाइलवर गजर म्हणून लावा, प्रत्यक्ष वेळेच्या तासभर आधीची. आणि आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज बघा. वारा फार असेल तर दिवस बदला, आई-बाबा महिनाभर आहेत ना?

नवी_ऑकलंडकर

दीड महिना आहेत. म्हणजे मोतुतापूही जमेल, दोरखंडदादा!