रॉक गार्डनमधल्या रेन लिलीला नुसती पानं, फुलं का नाहीत?

ओंजळ: पुण्यात अंगणात काळ्या दगडांचं छोटं रॉक गार्डन आहे. दगडांमधल्या खाचांत गुलाबी आणि पांढरी रेन लिली लावली, त्याला दोन पावसाळे झाले. पानं दाट, हिरवीगार; फुलं अगदी मोजकी. लाल माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घातलंय. ऊन सकाळी तीन तास, पाणी रोज संध्याकाळी पाइपने. उकरून पाहिलं तर काही कंद मऊ लागले. काय बदलू?

मुरूम: आधी रोजचं पाणी थांबवा. गुलाबी रेन लिलीला कोरड पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फुलाचा दांडा वर येतो. वळवाच्या सरीनंतर तीन ते पाच दिवसांत ती फुलते ती यामुळेच. सतत ओल राहिली तर हा बदल कंदाला जाणवतच नाही, पानं वाढत राहतात. एप्रिलअखेरपासून तीन-चार आठवडे पाणी तोडा. वळीव आला नाही तर मेअखेर एकदा खाच पूर्ण भिजेल इतकं पाणी द्या. नळाचं पाणीही चालतं. पावसाळा संपल्यावर दोन आठवडे कोरडं ठेवून पुन्हा भिजवलंत तर ऑक्टोबरातही एक बहर मिळतो.

निम्मं शेणखत फार झालं. जास्त नत्राने पानंच माजतात, आणि पावसात अशी माती ओल धरून कंद कुजवते. दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा 6 मिमीची खडी, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत एवढं पुरे. क्रशरची कच, म्हणजे खडी फोडताना पडणारा बारीक चुरा, वापरणार असाल तर धुऊनच घ्या. तिच्यातली भुकटी घट्ट बसून निचरा बंद करते. ऊन निदान पाच-सहा तास हवं.

दगडफूल: मुरूम यांच्याशी सहमत, पण पांढरीला हा उपवास लागू करू नका. ती झेफिरॅन्थस कॅन्डिडा. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाटा नदीच्या काठची. पानं गोलसर, जाड, बारमाही. तिला ओल आवडते, कडक कोरडेपणात ती मागे पडते. म्हणून दोन्ही एकाच खाचेत नकोत. पांढरी उताराच्या तळाशी, जिथे वरचं पाणी उतरून येतं तिथे. गुलाबी वरच्या खाचांत.

खाच निदान 20 सेंमी खोल हवी. तिच्यात दोन लिटर पाणी ओता. अर्ध्या तासाने पाणी दिसत असेल तर तळ पहारीने फोडा. खाली विटांचे तुकडे भरून निचरा सुधारत नाही, बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, वरच अडतं. दगड तिसरा हिस्सा जमिनीत गाडून किंचित मागे, उताराच्या आतल्या बाजूला कललेले ठेवा, म्हणजे पाणी मुळांकडे जातं. पश्चिमेकडे तोंड असलेला काळा दगड मे महिन्यात फार तापतो, त्याला चिकटून कंद लावू नका.

ओंजळ: मऊ कंदांचं काय करू? आणि आता हलवले तर चालतील?

मुरूम: मऊ कंद टाकून द्या, कंपोस्टात नको. घट्ट कंद पाण्याने धुऊन, लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात 15-20 मिनिटं बुडवून सावलीत दोन दिवस वाळवा. पावसाच्या आधी, मे महिन्यात लावा. वर 3 ते 5 सेंमी माती, दोन कंदांत 5 सेंमी. यंदा फुलं कमी येतील, मुळं दुखावलेली असतात. नंतर मात्र तीन-चार वर्षं उकरू नका. गर्दी झालेला झुपका जास्त फुलतो. पानं हिरवी असताना कापायची नाहीत, कंद त्यांच्यावरच भरतो.

दगडफूल: जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर लक्ष ठेवा. लिली मॉथ या पतंगाची काळी, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची अळी शेंड्यापासून खात कंदाच्या मानेपर्यंत पोचते. थोड्या असतील तर वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध संध्याकाळी फवारा; अळ्या लहान असतानाच त्याचा गुण येतो. आणि घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर उकरलेले कंद उघड्यावर वाळवू नका, ते विषारी असतात.